आधी वही, मग विमान

काय मुलांनो, परीक्षा संपत आल्या ना? मग आता घरोघरी एकच विषय असणार, सुट्टीत कुठं जायचं? कुणी मामाच्या गावाला, कुणी आत्याकडे, कुणी अगदी गोव्याला. आणि कुणी कुठंच नाही. हो, कुठंच न जाणारेही पुष्कळ असतात. माझ्या वर्गात तर तेच जास्त.

म्हणून आमच्या चौथीच्या वर्गात एक खेळ असतो. त्याचं नाव 'कागदावरची सहल'. साहित्य अगदी थोडं लागतं. एक शंभर पानी वही, एक नकाशासंग्रह आणि अंतर मोजायला एक दोरा. नियमही एकच. सहल वाटेल तिथली आखायची. पण अशी आखायची, की उद्या कुणी तिकिटं हातात ठेवली तर परवा निघता आलं पाहिजे. नुसतं 'मज्जा करू' असं लिहून चालणार नाही!

यंदा मुलांनी एका सुरात सांगितलं, "बाई, वेस्ट इंडीज!" कारण उघड आहे, क्रिकेट. मी म्हटलं, "ठीक आहे, नकाशात दाखवा पाहू." झालं! सगळा वर्ग नकाशावर पालथा पडला. दहा मिनिटं शोधलं, पण वेस्ट इंडीज नावाचा देश काही सापडेना. तुम्हीही शोधून बघा. सापडणारच नाही, कारण तो एक देश नाहीच. कॅरिबियन समुद्रात आणि त्याच्या काठाला बरेच लहान लहान देश आहेत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद असे. ते सगळे मिळून एक क्रिकेट संघ पाठवतात, इतकंच. आणि 'इंडीज' हे नाव पडलं ते कोलंबसाच्या चुकीमुळे. भारताकडे निघालेले ते महाशय पोचले भलतीकडेच, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच!

मग एक बेट निवडायचं ठरलं. एकाने त्याच्या आजोबांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरी पहिल्यांदा हरवलं, ते त्रिनिदाद बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात. सुनील गावसकरांची ती पहिलीच कसोटी. त्या दौऱ्यात गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या आणि गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. तिथल्या लोकांना गावसकर इतके आवडले, की त्यांच्यावर एक कॅलिप्सो गाणं रचलं गेलं. आपल्याला हरवणाऱ्यावर गाणं रचणारी माणसं! मुलं म्हणाली, "बाई, हेच बेट."

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही पाच प्रश्न लिहिले. कुठे? कधी? कसं? काय न्यायचं? काय बघायचं? चला, तुम्हीही वही घ्या.

पहिला प्रश्न : कुठे?

त्रिनिदाद हे कॅरिबियन बेटांच्या माळेतलं अगदी दक्षिणेचं टोक. दक्षिण अमेरिकेतला व्हेनेझुएला देश तिथून जवळच्या ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटरवर येतो. शेजारीच टोबॅगो हे धाकटं बेट. दोघं मिळून देश झाला 'त्रिनिदाद आणि टोबॅगो'. इंग्रजांपासून तो स्वतंत्र झाला ३१ ऑगस्ट १९६२ रोजी. क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर. मोठं वाटतं? आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे हा सगळा देश सिंधुदुर्गात मावेल आणि वर थोडी जागा उरेल! लोकसंख्या सुमारे १४ लाख.

घड्याळाचं गणितही करा. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आपली शाळा संध्याकाळी साडेपाचला सुटते, तेव्हा तिथं सकाळचे किती वाजले असतील? (आठ. तिथल्या मुलांची शाळा भरायची वेळ!)

दुसरा प्रश्न : कधी?

इथे आमच्यात जोरदार भांडण झालं. एक गट म्हणाला, कार्निव्हल बघायचा. रंगीबेरंगी पोशाख घालून सगळं शहर रस्त्यावर नाचतं. पण तो येतो फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, म्हणजे नेमका आपल्या अभ्यासाच्या दिवसांत. दुसरा गट म्हणाला, दिवाळी! होय, तिथं दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते, १९६६ पासून. चगुआनस गावाजवळ 'दिवाळी नगर' नावाचा मोठा मेळाही भरतो. पण तिथला पाऊस जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो. शिवाय जून ते नोव्हेंबर हा कॅरिबियन भागातला चक्रीवादळांचा हंगाम. त्रिनिदाद पुष्कळ दक्षिणेला असल्यामुळे वादळं बहुधा त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. पण 'बहुधा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. १९६३ साली 'फ्लोरा' नावाच्या वादळाने टोबॅगोची दाणादाण उडवली होती.

शेवटी निवडला मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आपली सुट्टी असते, तिथला कोरडा ऋतू संपत आलेला असतो, समुद्री कासवं अंडी घालायला येत असतात. आणि ३० मे हा तिथला एक खास सण असतो. कसला, ते पुढे सांगते.

तिसरा प्रश्न : कसं?

मुंबईत विमानात बसलो आणि थेट त्रिनिदादला उतरलो, असं होत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या शहरात विमान बदलावं लागतं. आणि गंमत अशी, की अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो! म्हणून तिकीट काढण्याआधी वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम विचारायचे. त्रिनिदादचे नियम त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयात कळतात.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. त्रिनिदादच्या जंगलांत पीतज्वराचा, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या एका तापाचा, धोका मानला जातो. हा रोग आपल्या देशात नाही; पण तो पसरवणारे डास आपल्याकडे मुबलक आहेत. रोग एकदा आत शिरला तर केवढा घोटाळा होईल! म्हणून अशा देशांतून परत येताना लस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि ती निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची असते.

हे वाचून एक मुलगा ओरडला, "बाई, म्हणजे परवा निघता येणारच नाही!" शाब्बास! आखणी कशासाठी करायची, हे त्याला तिथंच कळलं.

खर्चाचंही लिहिलं. चौघांच्या विमानाचेच पैसे लाखांत जातात. वर्ग जरा गप्प झाला. मी म्हटलं, "अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरं. पण कागदाचं अंथरूण केवढंही पसरता येतं. लिहा पुढे."

चौथा प्रश्न : काय न्यायचं?

सुती कपडे, टोपी, छत्री, डासांसाठी मलम. पण सैनिकांसारखे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे मात्र मुळीच न्यायचे नाहीत! तिथं सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे. विजेचा दाबही वेगळा. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिथं ११५. खटक्याची भोकंही निराळी. म्हणून जोडणी नेण्याची सोय हवी.

आणि पालकांसाठी एक ओळ. टोळ्यांच्या गुन्हेगारीमुळे तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. तेव्हा जाण्याआधी त्या वेळची परिस्थिती विचारून घ्यायची, रात्री-अपरात्री भटकायचं नाही. सुंदर जागेलाही अडचणी असतात. त्या लपवल्या की सहल फसते.

पाचवा प्रश्न : काय बघायचं?

आता खरी मजा!

ला ब्रेया गावात डांबराचं तळं आहे. खोटं नाही सांगत. सुमारे शंभर एकरांचं तळं आणि त्यात पाण्याऐवजी नैसर्गिक डांबर! वाटाड्या बरोबर घेऊन त्याच्यावरून चालताही येतं. १५९५ साली वॉल्टर रॅली नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या जहाजाच्या फटी याच डांबराने बुजवल्या होत्या.

कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी होडीतून जायचं. लालभडक शराटी पक्ष्यांचे थवेच्या थवे झाडांवर उतरतात आणि हिरवी झाडं लाल होऊन जातात. त्यांचा हा रंग येतो खाण्यातून. कोळंबी-खेकड्यांसारखे जीव खाल्ले की पिसं लाल होतात. (आमच्या वर्गात लगेच एकीने विचारलं, "मग बीट खाल्लं तर?" नाही हं, आपलं तसं होत नाही!)

मटुरा आणि ग्रांद रिव्हिएरच्या किनाऱ्यांवर मार्च ते ऑगस्टमध्ये 'लेदरबॅक' कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. एकेकीचं वजन तीनशे किलोच्याही पुढे. पूर्वी लोक त्यांना मारत. आता गावकरीच त्यांची राखण करतात आणि परवाना काढल्याशिवाय किनाऱ्यावर जाऊ देत नाहीत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानेही कासवांसाठी असंच काम केलं आहे. फक्त आपली कासवं जातीने निराळी आणि आकाराने पुष्कळ लहान.

टोबॅगोत एक जंगल आहे. पाऊस टिकावा म्हणून ते तोडायचं नाही, असा कायदा १७७६ सालीच झाला. विचार करा, तेव्हा आपल्याकडे पेशवाई होती!

आणि स्टीलपॅन ऐकायचं. इंग्रज सरकारने ढोल-ताशांवर बंदी आणली, तेव्हा गरीब लोकांनी बांबू आपटून ताल धरला. मग पत्र्याचे डबे आले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपं. पिंपाचं तोंड ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे.

खायचं काय? 'डबल्स'! दोन मऊ तळलेले 'बारा' आणि मध्ये चण्याची रस्साभाजी. हा 'बारा' म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊबंद. शिवाय तिथं 'दालपुरी' मिळते, वांग्याला 'बैगन' म्हणतात आणि एका गाण्याच्या प्रकाराचं नाव चक्क 'चटणी' आहे. बाबांच्या आईला तिथली कितीतरी मुलं काय म्हणतात, ठाऊक आहे? 'आजी'!

आणि इथेच आमची सहल थांबली.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं नाव सांगत नाही. आमच्या गावातली बरीच माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत कारखान्याच्या फडावर राबायचं. तेव्हा पटावर नावं तेवढीच असतात, पण बाकं रिकामी होतात. ही मुलगी यंदा गावातच राहिली, आजीजवळ. वर्गात फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिकडं आजी कशी काय? आपली माणसं तिकडं कशाला गेली?"

आमच्या पाच प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता.

मग मी सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. त्रिनिदादमध्ये इंग्रजांचे उसाचे मळे होते. तिथं आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना राबवत. १८३८ पर्यंत ती गुलामगिरी पुरती संपली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. मग भारतातून माणसं न्यायला सुरुवात झाली. 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोचलं. तीन महिन्यांहून जास्त प्रवास. जहाजावर सुमारे सव्वादोनशे माणसं होती. १९१७ पर्यंत असे जवळजवळ एक लाख चव्वेचाळीस हजार लोक गेले. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे. मजूर गोळा करणाऱ्या माणसाला तिकडे 'अरकाटी' म्हणत. तो गोड बोलून भरती करी. त्रिनिदादचं नाव तो 'चिनीदाद' असं सांगे, म्हणतात. चिनी म्हणजे साखर. साखरेच्या देशाला कोण नाही म्हणेल?

पाच वर्षांचा करार असे. परवानगीच्या कागदाशिवाय मळा सोडून जाता येत नसे. काम चुकवलं तर तुरुंग. करार संपल्यावर काही जण परतले. पण बहुतेक तिथेच राहिले. आज त्या देशातल्या दर शंभर माणसांत सुमारे पस्तीस भारतीय वंशाची आहेत. आणि ३० मे हा दिवस तिथं 'भारतीय आगमन दिन' म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो. तोच तो मघाचा सण.

मुलगी उभीच होती. तिनं विचारलं, "त्यांनी पण उचल घेतली होती का?"

मुलांनो, खरं सांगते, मला पटकन उत्तर देता येईना. मी म्हटलं, "अगदी तशीच नाही. ते समुद्रापार गेले, पाच पाच वर्षांसाठी. तुझे आई-बाबा पाडव्याच्या आसपास घरी येतात. पण कागदावर अंगठा दिल्यावर मधूनच निघून येता येत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं." ती "हं" म्हणाली आणि खाली बसली.

मग मी त्यांना सिवदास साधूंची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ लहानपणी आई-वडिलांबरोबर भारतातून त्रिनिदादला गेले आणि मळ्यातच मजुरी करू लागले. १९४७ साली त्यांनी वॉटरलू गावी समुद्रकाठी एक देऊळ बांधलं. पण ती जमीन होती साखर कंपनीची. देऊळ पाडलं गेलं आणि साधूंना चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर त्यांनी ठरवलं, जमीन तुमची ना? मग मी समुद्रात बांधतो. समुद्र काही कंपनीचा नाही! सायकलवरून दगड, सिमेंट, बादल्या नेत, भरती-ओहोटीशी झुंजत त्यांनी पाण्यात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभं केलं. लोक हसले. ते मात्र सुमारे पंचवीस वर्षं खपत राहिले. पुढे १९९५ साली, पहिलं जहाज आल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, ते देऊळ नव्याने पक्कं बांधून काढलं. आज देशोदेशीचे लोक ते बघायला जातात. ज्या कंपन्यांसाठी एवढी माणसं राबली, त्या साखरधंद्याचं काय झालं? तिथली सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद पडली. देऊळ उभं आहे.

घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. वहीत आमचा सात दिवसांचा बेत लिहिलेला होता. त्यातले दोन दिवस होते समुद्रात डुंबण्याचे. मुलांनी आपणहून एक दिवस खोडला आणि तिथं लिहिलं : 'सकाळी नेल्सन बेट. (जहाजातून उतरलेल्या माणसांना आधी इथे ठेवत.) दुपारी वॉटरलूचं देऊळ.' वहीच्या पहिल्या पानावर सहावा प्रश्न आला : 'तिथं कोण राहतं आणि ते तिथं कसे आले?'

आणि त्या मुलीने बेताच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली. 'एका आजीला भेटायचे. तिला विचारायचे, तुझी आजी परत का नाही आली.'

मी ती ओळ तपासली. एकही चूक नव्हती.

एका मुलाने मला आधीच विचारलं होतं, "बाई, आपल्याला जायचंच नाही, तर बेत कशाला करायचा?" तेव्हा मी 'लिही पुढे' म्हणून वेळ मारून नेली होती. आता त्याला सांगेन, की जाणं न जाणं पैशांवर असतं, पण ओळख करून घेणं आपल्यावर असतं. पैसे असून, विमानाने जाऊन, नुसतं डुंबून परत येणारे पुष्कळ आहेत. त्यांना ती आजी भेटतच नाही. तुमच्यापैकी कुणी खरोखरच मोठेपणी त्रिनिदादला जाल, तेव्हा ३० मेला वॉटरलूला जा आणि आमच्या वर्गाचा नमस्कार सांगा.

सुट्टीचा उद्योग : तुम्हाला आवडेल ती जागा निवडा. अगदी शेजारचा तालुका असला तरी चालेल. वहीत सहा प्रश्न लिहा आणि उत्तरं शोधा. सहाव्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त पानं ठेवा. मग तोच प्रश्न आपल्या घरालाही विचारा. आपले पणजोबा-पणजी मूळचे कुठले? कोणत्या कामासाठी गाव सोडलं? परत आले का? आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहा आणि मला साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा.

आणि आई-बाबांनो, मुलं विचारायला आली की "आत्ता वेळ नाही" म्हणू नका हं. तिकिटाला पैसे लागतात, या सहलीला फक्त तुमचा अर्धा तास लागतो.

तुमच्या,
बाई